जरा ट्यूनिंग करून टाका

गॅरेजच्या दारात गाडी लावून उतरणारा माणूस पहिल्याच वाक्यात विषय संपवतो. "जरा ट्यूनिंग करून टाका." गाडीला काय होतंय, कधी होतंय, कधीपासून होतंय, यातलं काहीही त्या वाक्यात नसतं. मेकॅनिक चिंधीला हात पुसत पुसत "बघतो साहेब" म्हणतो. काय बघणार, हे त्यातही नसतं. तरी दोघं समाधानानं एकमेकांकडे पाहतात, चावी या हातातून त्या हातात जाते आणि हा सामंजस्य करार संध्याकाळी बिल येईपर्यंत टिकतो.

बिलात मग ट्यूनिंग कुठंच सापडत नाही. इंजिन ऑइल असतं, ऑइल फिल्टर असतो, कूलंट असतं, वायपरची दोन रबरं असतात, 'कन्झ्युमेबल्स' या नावाखाली काहीतरी उडून गेलेलं असतं आणि सगळ्यांच्या शेवटी लेबर.

"पण ट्यूनिंग?"

"तेच तर केलंय साहेब."

फार खोदून विचारलं तर गिऱ्हाईक आणखी एक वाक्य देतं. "पहिल्यासारखी ओढत नाही हो." हे 'पहिलं' म्हणजे कधीचं, ते विचारायचं नसतं. बहुधा ते गाडी नवी असतानाचं असतं. म्हणजे डिकीत काही नव्हतं, रस्त्यात एवढ्या गाड्या नव्हत्या आणि साहेबांचं स्वतःचं वजनही चांगलं दहा-बारा किलोंनी कमी होतं, तेव्हाचं.

त्यानंतर येतो आवाज. गाडीचा आवाज तोंडानं काढून दाखवणं ही गॅरेजमधली सर्वांत प्रामाणिक कला आहे. ज्यांच्या सहीशिवाय बँकेत कर्जाचा कागद हलत नाही असे गृहस्थ भर रस्त्यात ओठांचा चंबू करून "खर्रर्र... टक्, खर्रर्र... टक्" करतात. येणारे-जाणारे थांबून बघतात. तेवढ्यात गाडीतून बायको दुरुस्ती सुचवते. "टक् नाही हो, टुक्. आणि सारखं कुठं? वळतानाच फक्त." मेकॅनिक मान डोलवतो. तो हसत नाही, कारण त्याला हवं ते मिळालेलं असतं. पुढची चाकं वळवताना टकटक वाजतं ते बहुतेक वेळा ड्राइव्ह शाफ्टच्या जॉइंटचं काम. रबराचा बूट फाटतो, आतलं ग्रीस निघून जातं, धूळ शिरते आणि सांधा बोलायला लागतो. इंजिनाचा त्यात काडीचा संबंध नाही. साहेब ट्यूनिंग मागत होते; बाईंनी नेमका सांधा दाखवून दिला. श्रेय अर्थातच मेकॅनिकला मिळालं.

डॉक्टरकडे जाऊन दुखणं न सांगता "पाच दिवसांचा अँटिबायोटिकचा कोर्स लिहून द्या" म्हणणारे लोक असतात आणि तो लिहून देणारे डॉक्टरही असतात. गॅरेजात आपण सगळेच ते पेशंट आहोत. गाडीचं दुखणं आपण सांगत नाही, औषध सांगतो. तेही असं औषध, की ज्याची बाटली बाजारातून उठून आता वीस-पंचवीस वर्षं होत आली.

ही सवय आपल्याला उगाच लागलेली नाही. एके काळी ट्यूनिंग नावाचं काम खरंच होतं आणि ते सारखं करावं लागायचं. कुर्ल्याच्या कारखान्यात बनणारी प्रीमियर पद्मिनी आठवा. १०८९ सीसी, चार सिलिंडर, गिअरचा दांडा स्टीअरिंगला. तिच्या प्रत्येक ठिणगीसाठी डिस्ट्रिब्युटरमधले दोन छोटे धातूचे तुकडे, ज्यांना सगळं जग 'पॉइंट' म्हणायचं, ते एकमेकांपासून सुटावे लागत. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर हे पॉइंट सेकंदाला शंभर वेळा उघडझाप करत. एवढ्या उघडझापीनंतर ते भाजणार, झिजणार, त्यांच्यामधली फट बदलणार आणि ठिणगी पडायची वेळ चुकणार, हे ठरलेलंच. शिवाय कार्बोरेटर. त्याच्या जेटचं भोक एवढं बारीक की टाकीतल्या गाळाचा एक कण तिथं बसला तरी गाडी चढावर उचक्या द्यायला लागे. म्हणून दर काही हजार किलोमीटरनंतर गाडी मिस्त्रीकडे जायचीच.

आणि ते काम बघण्यासारखं असे. मिस्त्री डिस्ट्रिब्युटरची टोपी काढायचा, पॉइंटच्या तोंडावरून पॉलिश पेपर फिरवायचा आणि फटीत फिलर गेजची पात घालायचा. पात घट्ट बसून उपयोग नाही आणि सैल पडूनही नाही. ओढताना बोटाला किंचित अडली पाहिजे. गेज हरवलेलं असेल, आणि ते हरवलेलंच असे, तर हॅक्सॉच्या ब्लेडचा तुकडा चालायचा. प्लग काढून तारेच्या ब्रशनं घासायचे. जेट काढून तोंडानं फुंकायचा आणि पेट्रोलची चव आलेल्या तोंडानं चहा मागवायचा. मग इंजिन चालू ठेवून कार्बोरेटरचा स्क्रू आत आत फिरवत न्यायचा. इंजिन अडखळलं की थांबायचं, आणि मग उलटा फिरवत ते पुन्हा एकसुरी होईपर्यंत यायचं. शेवटी डिस्ट्रिब्युटरचा नट ढिला करून अख्खा डिस्ट्रिब्युटर केसभर इकडे, केसभर तिकडे. या वेळी मिस्त्री डोळे मिटायचा. गाडीचा मालकही मिटायचा. त्याला काही ऐकू येत असे असं नाही, पण अशा वेळी एकट्यानं डोळे उघडे ठेवणं बरं दिसत नाही.

आमच्या काकांची पद्मिनी होती. ट्यूनिंग झाल्यावर ते पैसे लगेच द्यायचे नाहीत. मिस्त्रीला शेजारी बसवून हडपसरच्या बाजूनं दिवे घाटात घालायचे. घाट तिसऱ्यावर चढली तर पूर्ण पैसे, दुसरा टाकावा लागला तर परत गॅरेज. चौथ्यात चढली असं सांगणारा माणूस काकांच्या लेखी कायमचा बाद होता. ट्यूनिंग बरोबर झालं की नाही हे ठरवायला त्यांच्याकडे मीटर नव्हता, घाट होता, आणि घाटाला 'कन्झ्युमेबल्स' लावता येत नाहीत.

१९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली. ७९६ सीसी आणि सिलिंडर फक्त तीन. जुने मिस्त्री बॉनेट उघडून चौथा कुठं गेला म्हणून शोधत. तरी कार्बोरेटर होता, स्क्रू होते, कान लावायला जागा होती. २००० सालच्या आसपास धुराचे नियम कडक झाले आणि कार्बोरेटर गेला. त्याच्या जागी इंजेक्टर आले आणि कुणी किती पेट्रोल प्यायचं हे ठरवणारा एक सीलबंद डबा आला, ज्याला ईसीयू म्हणतात. सायलेन्सरच्या वाटेवर बसलेला ऑक्सिजन सेन्सर धुराचा वास घेतो, डब्याला कळवतो, डबा पेट्रोल किंचित कमी-जास्त करतो, ठिणगी किंचित मागे-पुढे करतो. हे चालत्या गाडीत अखंड चालू असतं. मिस्त्री जे काम डोळे मिटून अर्ध्या तासात करायचा, ते हा डबा तुम्ही सिग्नलला उभे असताना करत बसलेला असतो. चहा न मागता.

काकांनी माझ्या गाडीचं बॉनेट पहिल्यांदा उघडलं तेव्हा त्यांना फक्त काळ्या प्लॅस्टिकचं एक भलंमोठं झाकण दिसलं. "इंजिन कुठंय?" असं त्यांनी शांतपणे विचारलं. झाकण उचलून दाखवल्यावर त्यांनी ढिला करता येईल असा एखादा नट बराच वेळ शोधला. काही मिळेना. शेवटी काच धुवायच्या पाण्याच्या बाटलीचं झाकण त्यांनी घट्ट केलं आणि "आता बघ" म्हणाले.

तर आजच्या पेट्रोल गाडीत फिरवण्यासारखं काही उरलेलं नाही. उरलंय ते बदलण्यासारखं आणि पुसण्यासारखं. त्यात पहिला मान एअर फिल्टरचा. एक लिटर पेट्रोल नीट जळायला सुमारे नऊ हजार लिटर हवा लागते. पेट्रोल आपण पंपावरचं मीटर शून्यावर आहे का ते पाहून घेतो. हवा मात्र समोरच्या डंपरच्या मागून जशी येईल तशी. मेट्रोचं काम चालू असलेल्या रस्त्यावरून रोज जाणाऱ्या गाडीचा फिल्टर उघडून बघा, अर्धा किलो विकासकामं आत सापडतील. गॅरेजवाला तो कॉम्प्रेसरच्या हवेनं फुंकून परत बसवतो. एखाद-दुसऱ्या वेळेला चालतं, पण कागद शेवटी कागद आहे. आणि एक समजून असावं: इंजेक्शनच्या गाडीत तुंबलेल्या फिल्टरमुळे आधी दम जातो, ॲव्हरेज त्या मानानं फार कमी बिघडतं, कारण हवा कमी आली की डबा पेट्रोलही कमी करतो. शहाणा डबा आहे.

मग प्लग. तीन हजार फेऱ्यांना प्रत्येक प्लग मिनिटाला दीड हजार ठिणग्या टाकतो. साधा निकेलचा प्लग वीस ते चाळीस हजार किलोमीटर तग धरतो, इरिडियमचा लाखाच्या आसपासही जातो. किमतीतही तसाच फरक. तेव्हा आपल्या गाडीत कुठले आहेत हे माहीत नसताना "प्लग बदला" म्हणणं आणि "प्लग बदलू नका" म्हणणं, दोन्ही सारखंच धाडसाचं. सीएनजीवाल्यांचे प्लग लवकर जातात, कारण गॅस पेटवायला ठिणगीला जास्त जोर लावावा लागतो. त्यांनी वाचलेल्या पैशातला थोडा भाग प्लगांसाठी बाजूला काढून ठेवलेला बरा. जुने प्लग मात्र परत मागून घ्यावेत. फिकट तपकिरी रंग असेल तर इंजिन सुखात आहे. काळी काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त जातंय. तेलकट ओला असेल तर इंजिन ऑइल जिथं जायला नको तिथं जातंय. पांढराफटक पडला असेल तर आत फार तापतंय. एवढी माहिती ज्या वस्तूवर लिहिलेली असते, ती आपण दहा-वीस रुपयांच्याही अपेक्षेविना भंगारात सोडून येतो.

थ्रॉटल बॉडी म्हणजे हवा आत सोडणारी झडप. तिच्या कडेला काळा राप बसतो आणि सिग्नलला गाडी थरथरायला लागते. स्प्रे मारून फडक्यानं पुसायचं काम आहे. काही इंजिनांत टॅपेटची फट अजून पात घालून बघावी लागते, बऱ्याचशांत ते आपलं आपण जुळतं. संपलं. जुन्या ट्यूनिंगचं आता एवढंच शिल्लक आहे.

डिझेलवाल्यांना तर यातलं निम्मंही लागू नाही. डिझेल ठिणगीनं पेटत नाही, दाबानं तापलेल्या हवेत पेटतं. तिथं स्पार्क प्लगच नसतो. थंडीत चालू व्हायला मदत करणारा हीटर प्लग असतो, तो वेगळा. साताऱ्याच्या आमच्या मेहुण्यांच्या डिझेल गाडीच्या एस्टिमेटमध्ये एकदा 'स्पार्क प्लग, ४ नग' असं स्वच्छ अक्षरात लिहून आलं. मेहुणे व्यवहाराला पक्के. असे फसणारे नव्हेत. त्यांनी गॅरेजवाल्याशी तासभर हुज्जत घातली आणि तीन नगांवर तोडलं. "चौथा जुनाच चालू दे," म्हणाले.

विजेच्या गाडीत इंजिन नाही, ऑइल नाही, प्लग नाही, तरी "जरा ट्यूनिंग" मागणारे भेटतात. त्यांना ब्रेक ऑइल, कूलंट, टायर आणि केबिन फिल्टर यांवर समाधान मानावं लागतं. चेहरे पडतात बिचाऱ्यांचे.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला मिस्त्री दिसतच नाही, काचेपलीकडे असतो. आपल्या वाट्याला येतो तो टॅब हातात घेतलेला सर्व्हिस ॲडव्हायझर. तो गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालतो, ओरखड्यांचे फोटो काढतो आणि दुपारी आपण नेमके चार माणसांत असताना फोन करतो. "सर, थ्रॉटल बॉडी खूप डर्टी आहे. इंजेक्टर क्लीनिंग पण रेकमेंड करतोय. इंजिन फ्लश घेऊया का? आणि एसीचं डिसइन्फेक्शन?" पाठोपाठ व्हॉट्सॲपवर एक फोटो येतो. फोटोत काहीतरी गोल आणि काळं दिसतं. स्वच्छ थ्रॉटल बॉडी आपण जन्मात पाहिलेली नसल्यामुळे तुलना करता येत नाही. आजूबाजूची माणसं आपल्याकडे बघत असतात. हजार-दीड हजारासाठी गाडी घाण ठेवणारा माणूस, अशी आपली ख्याती व्हायला नको म्हणून आपण भारदस्त आवाजात म्हणतो, "करा, करा."

या फोनला दोनच प्रश्न विचारायचे असतात. "मॅन्युअलमध्ये हे किती किलोमीटरला लिहिलंय?" आणि "आत्ता नाही केलं तर काय होईल?" पलीकडे बहुतेक वेळा अशी शांतता पसरते की सर्व्हिस सेंटरमध्ये लागलेलं मंद संगीत आपल्याला ऐकू येतं. काम खरंच आवश्यक असेल तर उत्तर लगेच येतं. "सर, ब्रेक पॅड दोन मिलिमीटर राहिलेत, डिस्क घासेल." हे उत्तर आलं की निमूट हो म्हणावं. "सर, स्मूदनेस वाढेल," असं आलं तर पुढच्या सर्व्हिसिंगला बघू म्हणावं.

मॅन्युअल म्हटल्यावर ते कुठंय, हा प्रश्न येतो. ते डॅशबोर्डच्या कप्प्यात आहे. वर टोलच्या जुन्या पावत्या आहेत, शिर्डीच्या उदीची पुडी आहे, मुदत संपलेल्या पीयूसीचे तीन-चार कागद आहेत, एक बिनजोडीचा मोजा आहे. या सगळ्याखाली, शोरूमनं दिलेल्या प्लॅस्टिकच्या वेष्टनात, ते जसंच्या तसं आहे. त्याच्या शेवटच्या पानांत एक तक्ता असतो. आडव्या ओळीत किलोमीटर आणि महिने, उभ्या रांगेत ऑइल, फिल्टर, प्लग, कूलंट, ब्रेक ऑइल, बेल्ट. चौकोनांत इंग्रजी आय किंवा आर. आय म्हणजे तपासा, आर म्हणजे बदला. ऑइल बहुतेक पेट्रोल गाड्यांना दहा हजार किलोमीटर किंवा वर्ष, जे आधी होईल ते. गाडीला काय लागतं हे गाडी बनवणाऱ्यानं लिहून ठेवलेलं हे एक पान वाचायला पाच मिनिटं पुरतात. सर्व्हिस सेंटरच्या वाटेवर बऱ्याच 'आय'चे 'आर' होतात, ते तेवढ्या पाच मिनिटांत ओळखू येतात.

ट्यूनिंगच्या मागणीमागे निम्म्या वेळा खरी तक्रार ॲव्हरेजची असते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये कुणीतरी "माझी बावीस देते" म्हणून गेलेलं असतं. तो बावीसचा आकडा त्यानं डॅशबोर्डवर, मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर, रात्री अकरा वाजता, तेही उताराला वाचलेला असतो हे तो सांगत नाही. आपली गाडी मात्र कर्वे रोडवरून कचेरीत जाते, पहिल्या-दुसऱ्या गिअरवर, अर्धा पाय क्लचवर ठेवून, एसी लावून. डिकीत गेल्या गणपतीपासून आराशीचं सामान आहे, दोन फरशीचे नमुने आहेत आणि मुलाचं क्रिकेटचं किट आहे; मुलगा आता फक्त बुद्धिबळ खेळतो. टायरमधली हवा दिवाळीत बघितली होती. किती हवी ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या स्टिकरवर लिहिलेलं असतं, पण हवा भरणाऱ्या पोरानं "किती टाकू?" विचारलं की आपण त्यालाच "किती टाकतात?" असं विचारतो.

त्यातच पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी. म्हणजे शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत सहा-सात टक्के ऊर्जा गाडीनं पंप सोडण्याआधीच वजा झाली. ही तूट जगातला कुठलाही मिस्त्री स्क्रू फिरवून भरून काढू शकत नाही. इथेनॉलचा भाव चढला की गावाकडचा ऊसवाला भाऊ खूश, ॲव्हरेज पडलं की शहरातला भाऊ नाराज. सातबारावर नावं दोघांची आहेत, त्यामुळे हे भांडण कुठं नेताही येत नाही.

ॲव्हरेज खरोखर बघायचं असेल तर टाकी फुल करायची, किलोमीटर लिहून ठेवायचे, चालवायची, त्याच पंपावर पुन्हा फुल करायची आणि भागाकार करायचा. असं दोन-तीनदा. हे करून आलेला माणूस ट्यूनिंग मागायला गॅरेजात सहसा जातच नाही, डिकी रिकामी करायला जातो.

आता राहिला तो पिवळा दिवा. डॅशबोर्डवर इंजिनाचं चित्र पेटलं की आपण पहिल्यांदा त्यावर बोटानं टिचकी मारून बघतो. मग गॅरेज. स्टीअरिंगच्या खाली एक सॉकेट असतं, त्यात मेकॅनिक स्कॅनर खोचतो आणि पडद्यावर कोड येतो. समजा पी ०३०१. अर्थ एवढाच की एक नंबरचा सिलिंडर मिसिंग मारतोय. का मारतोय, ते स्कॅनर सांगत नाही. प्लग असेल, कॉइल असेल, इंजेक्टर असेल, वायरिंगला उंदरानं चावा घेतला असेल. उतावळा गॅरेजवाला इथून एकेक वस्तू बदलत सुटतो आणि दिवा विझेपर्यंत गिऱ्हाईक विझतं. हुशार मेकॅनिक एक नंबरची कॉइल काढून दोन नंबरवर लावतो, दोनची एकवर, आणि गाडी फिरवून आणतो. कोड आता पी ०३०२ झाला तर दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणजे कॉइलच गेली. कोड जागचा हलला नाही तर कॉइल निर्दोष. खर्च शून्य, वेळ दहा मिनिटं.

आणि नेमकं याच दहा मिनिटांचं मोल आपण देत नाही. मेकॅनिक लोकांबद्दल मी फार हळवा आहे असं नाही, पण इथं मी त्यांच्या बाजूचा आहे. एखाद्यानं गाडी तपासून, चालवून, कान लावून प्रामाणिकपणे सांगितलं की "काही झालेलं नाही साहेब, घेऊन जा, बघायचे तीनशे द्या," तर आपण म्हणतो, "केलं काय तुम्ही?" आणि पुढच्या वेळी दुसऱ्या गॅरेजात जातो. तिथं तीन हजारांची कामं 'निघतात', जुने पार्ट पिशवीत घालून दाखवले जातात आणि आपण मित्रांना सांगतो, माणूस कामाचा आहे, आधीच्याला काही कळलंच नव्हतं. नुसतं बघायचे पैसे आपण देत नाही, बदलायचे देतो. मग बदलणारे वाढतात. यात नवल ते काय?

या सगळ्याला एकच अपवाद मी बघितलाय. आमच्या सोसायटीत पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक कारकून आहेत. त्यांची गाडी तीन सिलिंडरची, लहान, दहा वर्षांची. सिग्नलला थरथरायला लागली तेव्हा सगळ्यांनी त्यांना "ट्यूनिंग करून टाका" हाच सल्ला दिला. त्यांनी आठवडाभर निरीक्षण केलं आणि फुलस्केप कागदावर, समास सोडून, अर्ज लिहिला. 'विषय : वाहनाच्या इंजिनात आढळून येणाऱ्या कंपनाबाबत.' खाली मजकूर. इंजिन थंड असताना कंपन होत नाही. इंजिन गरम झाल्यावर, वाहन उभे असताना, वातानुकूलन यंत्र चालू केल्यास होते. त्या वेळी फेऱ्यांचा काटा ८०० वरून ६०० च्या खाली येतो व पुन्हा वर जातो. ॲक्सिलरेटर किंचित दाबल्यास कंपन थांबते. वाहन चालते असताना कोणतीही तक्रार नाही. बाब पावसाळा संपल्यापासूनची. तरी उचित कार्यवाही व्हावी, ही विनंती.

मी सोबत होतो. मेकॅनिकनं अर्ज आधी कौतुकानं आणि मग खरोखर लक्ष देऊन वाचला. काट्याच्या ओळीशी थांबला. "काटा पडतोय म्हणजे माउंटिंग नाही. थ्रॉटल बघ रे," असं तो हेल्परला म्हणाला. बॉनेट उघडलं, हवेचा पाइप काढला, झडपेच्या कडेला काळं रिंगण होतं. स्प्रे, फडकं, परत स्प्रे. पाइप बसवून गाडी चालू केली, थोडा वेळ तशीच चालू दिली आणि एसी लावला. काटा जागचा हलला नाही. कारकून काचेच्या बाहेरून काट्याकडे बघत होते, तेही हलले नाहीत.

"अजून काही साहेब?"

त्यांनी पिशवीतून मॅन्युअल काढलं. वेष्टनातून बाहेर आलेलं मॅन्युअल मी तिथं पहिल्यांदाच पाहत होतो. त्यात खूण घातलेली होती. "प्लगची मुदत मागील महिन्यात संपली आहे. तक्त्याप्रमाणे बदलावेत. जुने परत द्यावेत."

प्लग बदलले गेले. हेल्परनं जुने तीन प्लग कागदात गुंडाळून दिले. कारकुनांनी गुंडाळी सोडली, चष्मा कपाळावर चढवून प्रत्येकाचं टोक पाहिलं, 'रंग फिकट तपकिरी, समाधानकारक' अशी नोंद वहीत केली आणि ते पुन्हा गुंडाळून पिशवीत ठेवायला लागले.

मेकॅनिकला राहवलं नाही. "साहेब, भंगारात पण कोणी घेत नाही हे. घरी नेऊन करणार काय?"

"फाइलला लावायचेत," कारकून म्हणाले. "जोडपत्र अ, ब आणि क."